जाळे मोठे, गाठी सैल

शिक्षकाने आयुष्यभर शिकत राहावे आणि त्यासाठी इंटरनेटवर समव्यवसायी मित्रांचे जाळे उभारावे, असा सल्ला आता प्रशिक्षणवर्गांत आणि परिपत्रकांत सर्रास दिला जातो. सल्ला चांगलाच आहे, पण त्याचीही तपासणी व्हायला हवी. 'अंतर नाहीसे करणारे साधन' अशी ज्याची ख्याती, त्याची परीक्षा अंतर जेथे खरोखरच आडवे येते तेथे घ्यावी. म्हणून आम्ही या लेखात नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा यांचा मोठा भाग सातपुड्यात वसलेला आहे आणि उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. मुले घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीतले पुस्तक उघडतात. डोंगरातल्या पाड्यावर अनेकदा दोनच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात. 'दिव्याची ज्योत वरच का जाते?' असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला आणि उत्तर सुचले नाही, तर विचारायला शेजारच्या वर्गात दुसरा विज्ञानशिक्षक नसतो. जाळ्याची खरी गरज या शिक्षकाला आहे. त्याच्या हाती ते काय देते, हा आमचा प्रश्न.

शास्त्रज्ञांचे जाळे कसे चालते?

समव्यवसायींचे जाळे ही कल्पना इंटरनेटहून पुष्कळ जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हा युरोपभरच्या अभ्यासकांशी पत्रव्यवहार करीत असे. त्यातूनच १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू झाले. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने लॉस अलामॉस येथे अप्रकाशित शोधनिबंध संगणकावरून वाटण्याची सोय केली. तीच आज 'अर्काइव्ह' या नावाने आम्हा संशोधकांच्या रोजच्या वापरात आहे. साधने बदलली, पण देवघेव तीच राहिली. लिहिणारा आपले निरीक्षण, ते कसे केले ती रीत आणि आपली शंका पाठवतो. वाचणारा ते स्वतः करून पाहतो, चूक दाखवतो, भर घालतो. या परतफेडीमुळेच पत्रांचे जाळे होते. ती नसेल तर उरतो तो फक्त टपालाचा थैला.

आता शिक्षकांच्या गटांकडे पाहू. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात एके काळी २५६ जण घेता येत. २०२२ पासून ही मर्यादा १०२४ झाली. गटात न माणसे असतील तर त्यांच्यात न(न−१)/२ जोड्या होऊ शकतात. बारा जणांत ६६, २५६ जणांत ३२,६४० आणि १०२४ जणांत ५,२३,७७६. माणसे चौपट झाली की जोड्या सुमारे सोळापट होतात. जाळे जितके मोठे तितके बलवान, हा समज या गणितातून येतो. पण या झाल्या शक्य जोड्या. गटात पाच जण लिहितात आणि बाकीचे नुसते वाचतात, तेव्हा प्रत्यक्ष संबंध थोडेच असतात आणि तेही एकाच दिशेने जाणारे. जाळे मोठे दिसते, गाठी मात्र सैल असतात.

याचा अर्थ दूरच्या ओळखी निरुपयोगी असतात असा नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवले, की नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखीतून येते. जवळच्यांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. साताऱ्याच्या शिक्षिकेने केलेला टाकाऊ वस्तूंचा सूक्ष्मदर्शक धडगावला कळतो तो याच वाटेने. ही मोठीच सोय आहे. पण तो सूक्ष्मदर्शक आपल्या वर्गात चालला नाही, तर 'का चालला नाही?' हे शोधायला जवळचा, सवडीचा आणि विश्वासाचा माणूस लागतो. पावरी बोलणाऱ्या मुलांना 'वस्तुमान' आणि 'वजन' यांतला फरक कसा समजावला, हे शेजारच्या पाड्यावरचा शिक्षकच सांगू शकतो. राज्यव्यापी गटात या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण तेथे तो प्रश्न फारसा कुणाचा नसतो.

सावलीची कसोटी

एक उदाहरण घेऊ. मे महिन्याच्या मध्यास मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. 'आज शून्य सावली, मुलांना दाखवा' असा संदेश त्या दिवशी राज्यभर फिरला, तर नंदुरबारच्या शिक्षकाला काय दिसेल? नंदुरबारचा अक्षांश सुमारे २१.४ अंश उत्तर, मुंबईचा सुमारे १९. म्हणून नंदुरबारला त्या दिवशी एक मीटरच्या काठीची सावली चार सेंटिमीटरच्या आसपास पडेल. येथला शून्य सावलीचा दिवस २८ मेच्या सुमारास, म्हणजे उन्हाळी सुट्टीत येतो. दुसरा येतो जुलैच्या मध्यास, तेव्हा सातपुड्यावर ढग असतात.

तो संदेश खोटा नव्हे, तो दुसऱ्या गावाचा आहे. ज्या गटात तो नुसता पुढे ढकलला जातो, तेथे शिक्षक एक तर सावली न मोजताच 'शून्य' म्हणून मोकळा होतो, किंवा आपलेच काही चुकले असे मानून गप्प बसतो. चांगल्या गटात कुणीतरी लिहील: 'आमच्याकडे चार सेंटिमीटर आली, का बरे?' या एका वाक्यातून अक्षांश, सूर्याची क्रांती आणि पृथ्वीचा आकार हे सगळे धडे उलगडत जातात. गट चांगला की वाईट हे आलेल्या संदेशांच्या संख्येवरून ठरवता येणार नाही. असे वाक्य तेथे लिहिले जाते का, हे पाहावे लागेल.

ते बहुधा लिहिले जात नाही. याचे एक कारण असे, की अनेक गट प्रशासकीय कामासाठी बनलेले असतात. 'माहिती आज दुपारी दोनपर्यंत पाठवा' हा संदेश आणि विज्ञानाची शंका एकाच ठिकाणी येतात. ज्या गटात वरिष्ठ अधिकारी असतात, तेथे 'मला हे समजलेले नाही' असे कोण लिहील? तेथे फोटो टाकले जातात, अंगठे उंचावले जातात, अभिनंदन होते. अज्ञानाची कबुली देता येत नाही आणि तिच्याशिवाय शिकण्याला सुरुवातच होत नाही.

शासनाच्या मोठ्या योजनांबद्दलही थोडे बोलायला हवे. 'दीक्षा' हा राष्ट्रीय मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. 'निष्ठा' हे २०१९ साली सुरू झालेले शिक्षक-प्रशिक्षण कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, याच मंचावरून उरलेल्या सुमारे २४ लाख शिक्षकांपर्यंत नेण्याचे ठरले. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी साहित्य पुरवणे ही साधी गोष्ट नाही. पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी संकेतातून चित्रफीत उघडते, तीही उपयोगाची आहे. पण चित्रफीत, वाचन, प्रश्नावली आणि शेवटी प्रमाणपत्र हा प्रवाह मुख्यतः वरून खाली वाहतो. त्याला ग्रंथालय म्हणावे, अभ्यासक्रम म्हणावा. जाळे म्हणू नये, कारण नंदुरबारच्या शिक्षकाने मोजलेले चार सेंटिमीटर परत कुणापर्यंत पोहोचण्याची वाट त्यात अरुंद आहे.

जुने दोन धडे

खानदेशाला असे प्रयत्न नवे नाहीत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९७० च्या दशकात, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत विज्ञानशिक्षण सुधारण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. नर्मदेच्या वरच्या अंगाला होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो चालवला. त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका होत. कोणता प्रयोग फसला आणि मुलांनी काय विचारले, यावर तेथे चर्चा चाले. विद्यापीठांतले आणि संशोधनसंस्थांतले शास्त्रज्ञ या कार्यक्रमात शिक्षकांबरोबर काम करीत. मुले 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्रे लिहून प्रश्न विचारीत. इंटरनेट नसताना हे खरेखुरे जाळे होते.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. शिक्षकांचे जाळे शासनाच्या परवानगीवर उभे असेल, तर ती गेल्यावर ते टिकवणे फार अवघड होते, हाही त्यातला धडा आहे. आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. ऑनलाइन गट झाला म्हणून तिची गरज संपली असे कुणी म्हणत असेल, तर आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे. समोरासमोर भेटलेली माणसेच पुढे एकमेकांना निःसंकोचपणे लिहितात.

साधनांची वाटणीही असमान आहे. २०२३-२४ च्या 'यू-डायस प्लस' माहितीनुसार देशातल्या ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते, म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत ते नव्हते. डोंगरातल्या शिक्षकाला जाळ्यात घ्यायचे असेल, तर ठरलेल्या वेळी सर्वांनी हजर राहण्याच्या सभा आणि जड चित्रफिती उपयोगाच्या नाहीत. त्याला मोलगी किंवा धडगावच्या बाजाराला आल्यावर उघडता येईल, चार दिवसांनी उत्तर देता येईल, असा मजकूर आणि एखादे छायाचित्र पुरते.

करून पाहण्याजोगे काही

टीका करणाऱ्याने पर्यायही सुचवावा. नंदुरबार आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर, ७४.२ अंश पूर्वेला, आहेत. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश. विषुवदिनी, २०-२१ मार्चला, दोन्हीकडे मध्यान्ह एकाच वेळी, घड्याळात १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास होते. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी एक मीटरच्या उभ्या काठीची सावली मोजावी आणि सर्वांत आखूड ती घ्यावी. नंदुरबारला ती सुमारे ३९ सेंटिमीटर येईल, कोल्हापूरला ३०. काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजावेत. त्यांतला फरक सुमारे ४.७ अंश येतो. दोन्ही शहरांतले सरळ अंतर, रस्त्याचे नव्हे, नकाशावरून सुमारे ५१७ किलोमीटर. त्यावरून पृथ्वीचा परिघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ निघतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने वापरलेली रीत हीच.

हा प्रयोग एका शाळेला एकटीने करता येत नाही, म्हणून तो जाळ्याची कसोटी आहे. शिवाय सूर्याच्या अर्ध्या अंश रुंदीमुळे सावलीचे टोक अंधुक दिसते. तेथे एक सेंटिमीटर चुकला की कोन अर्ध्या अंशाने आणि परिघ सुमारे दहा टक्क्यांनी चुकतो. पण दोन्हीकडच्या पंचवीस-पंचवीस शाळांनी मोजले आणि सरासरी घेतली, तर स्वैर चूक पाचपट कमी होते. येथे माणसे वाढल्याने ज्ञान खरोखर वाढते, कारण प्रत्येकाने स्वतःचे मोजमाप आणलेले असते.

शिक्षकमित्रांनी आपल्या गटाला तीन प्रश्न विचारून पाहावेत. गेल्या महिन्यात येथे कुणी 'मला कळले नाही' असे लिहिले का? कुणी स्वतः मोजलेला आकडा दिला का? आणि कुणी त्याला नम्रपणे 'आमच्याकडे वेगळे आले' असे उत्तर दिले का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर गट सोडण्याची गरज नाही. ओळखीच्या आठ-दहा विज्ञानशिक्षकांचा, अधिकाऱ्यांविना, एक छोटा गट वेगळा करावा आणि त्यातला पहिला संदेश एखादी खरी शंका असू द्यावी. दिव्याच्या ज्योतीची चालेल.