दाविदाची शिरगणती

दावीद म्हटला की आपल्याला आठवतो तो गोफणीने गल्याथाला लोळवणारा पोर. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायातला दावीद मात्र फारसा कोणी सांगत नाही. मला तोच अधिक अस्वस्थ करतो.

राजाला प्रजा मोजायची लहर येते. सेनापती यवाब परोपरीने विनवतो, राजा ऐकत नाही. नऊ महिने वीस दिवसांनी आकडे हाती येतात: तलवार धरणारे इस्राएलात ८ लाख, यहूदात ५ लाख. मग राजाचे मन त्याला खाऊ लागते. गाद हा द्रष्टा तीन शिक्षा पुढे ठेवतो: ७ वर्षे दुष्काळ, ३ महिने शत्रूपुढे पळ, नाहीतर ३ दिवस महामारी. माणसाच्या हाती सापडण्यापेक्षा देवाच्या हाती सापडलेले बरे, असे दावीद म्हणतो. महामारीत ७० हजार माणसे मरतात.

मोजण्यात एवढे पाप ते काय? (सीमाभागातल्या वाचकाला शिरगणतीच्या आकड्यांचे वजन वेगळे सांगायला नको.) अकराव्या शतकातला भाष्यकार राशी निर्गमातल्या नियमाकडे बोट दाखवतो: डोकी मोजू नयेत, प्रत्येकाकडून अर्धा शेकेल घेऊन नाणी मोजावीत. हे पटले तरी चूक राजाची. मेले ते मोजले गेलेले. तिन्ही शिक्षांत खुद्द राजाला धावायला लावणारी एकच होती, पळण्याची. दुष्काळात धनवान तगतो, युद्धात बलवान, महामारीपुढे मात्र सगळे सारखे, अशी दाविदाची बाजू यहुदी परंपरेने मांडली आहे. युक्तिवाद देखणा खरा, पण राजा जगला.

शिवाय शमुवेलाच्या ग्रंथात गणतीची बुद्धी देतो तो खुद्द देवच, इस्राएलावर कोपलेला. पुढे इतिहासाचा पहिला ग्रंथ लिहिणाऱ्याला हे सोसले नसावे; त्याने देवाच्या जागी सैतान घातला. मृतांचा आकडा मात्र तोच ठेवला.

'पाप माझे, या मेंढरांनी काय केले?' अशा अर्थाचे दावीद अखेर बोलतो. पण देवाने दूताचा हात त्याआधीच थांबवलेला असतो, आणि या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मिळते ती आज्ञा: अरवना यबूशाच्या खळ्यावर वेदी बांध. अरवना परका, तरी बैल, लाकडे सगळे फुकट देऊ करतो. दावीद नाकारतो, फुकटचा होम त्याला नको असतो. या गोष्टीत राजाच्या पदरचे काही जाते ते इथे प्रथमच: ५० शेकेल रुपे. पुढे मंदिर उभे राहिले ते याच जागी. इतिहासकाराला ही रक्कम थोडी वाटली असावी. त्याने ६०० शेकेल सोने लिहिले.