ग्राहक जागरूकता मोजण्याआधी: खांदेश्वरहून अलिबागला जाणारी तक्रार

विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी निदान दोघातिघांच्या वहीत ‘अमुक तालुक्यातील ग्राहकांच्या जागरूकतेचा चिकित्सक अभ्यास’ असं एक शीर्षक असणार. लाजू नका. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवरही हेच होतं, तालुका पनवेल. प्रश्नावली तयार होती: ग्राहक संरक्षण कायदा माहीत आहे का, १९१५ हा हेल्पलाइन नंबर माहीत आहे का, दाद कुठे मागायची ठाऊक आहे का. पाच पर्याय, टिक करा. निष्कर्ष तर मी घराबाहेर न पडताच लिहू शकले असते: जागरूकता कमी आहे, शासनाने प्रबोधन करावं.

फॉर्म तपासून बघायला पहिला नंबर आमच्या शेजारच्या काकूंचा लागला. खांदा कॉलनीत राहतात, खांदेश्वर स्टेशनहून चालत. काकूंना सगळं माहीत होतं. बिल जपून ठेवलेलं, १९१५ ला फोनही करून झालेला. माझ्या मोजपट्टीवर पूर्ण गुण. आणि स्वयंपाकघरात फ्रीज बंद.

तेव्हा मला कळलं की मी चुकीची वस्तू मोजत होते.

काकूंची तक्रार कुठून कुठे गेली ते बघा. फ्रीज वाशीच्या दुकानातून, हप्त्यावर, वर वाढीव वॉरंटी घेतलेली. बिघडल्यावर दुकानदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली वाढीव वॉरंटी आमची नाही. हेल्पलाइनने आपलं काम केलं, तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, ते काकूंना पटलं नाही. हेल्पलाइनला कंपनीवर हुकूम सोडता येत नाही, ती खटल्याआधीची पायरी आहे. पुढे आयोगात जा, असं त्यांना सांगण्यात आलं. मधल्या काळात हप्ता थांबवू का, हा प्रश्न मात्र वेगळ्याच खिडकीचा: आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

आता आयोग कुठला? इथे खांदेश्वरची गंमत आहे. पाकिटावर पत्ता नवी मुंबई, महापालिका पनवेल (२०१६ पासून), जिल्हा रायगड. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला. ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग मात्र सीबीडी बेलापूरला कोकण भवनात, म्हणजे हार्बर लाइनवर खांदेश्वरपासून तिसरं स्टेशन. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची मोठी सोय दिली. १९८६ च्या कायद्यात ती नव्हती. पण काकूंनी ही सोय वापरली तर वाट पेण-वडखळवरून अलिबागला जाते. जुन्या पद्धतीने, दुकान वाशीला म्हणून, बेलापूरला केली तर लोकलने काही मिनिटं. हे कायद्याच्या पुस्तकात कुठेच चुकीचं नाही. नकाशावर ठेवल्याशिवाय ते दिसत नाही, इतकंच. ऑनलाइन दाखल करता येतं, व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. हे सगळं खरं. तरी कुठल्या आयोगात, कुणाकुणाला प्रतिवादी करून, हे ठरवायला काकूंशेजारी कुणीतरी बसावं लागतं.

ते ‘कुणीतरी’ व्यवस्थेत कुठे आहे? हाच माझा मुख्य आक्षेप. २०१९ चा कायदा काढा आणि ‘सल्ला’ जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने खूण करा. केंद्र, राज्य, जिल्हा अशा तीन पातळ्यांवर ग्राहक संरक्षण परिषदा आहेत, जिल्ह्याच्या परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. नावं वाचून वाटतं की इथे ग्राहकाला सल्ला मिळेल. पण त्या सल्लागार आहेत त्या शासनाला. २०२० मध्ये आलेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण मंत्रालयांना सल्ला देऊ शकतं, फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. पण ते बघतं ग्राहकांच्या समूहाचं हित, एका काकूंची भरपाई त्याच्याकडे नाही. ग्राहकासाठी त्याच्या कामांत लिहिलंय ते जागृती. म्हणजे सल्ला वर जातो आणि खाली येते ती जागृती. एका माणसाला ‘तुम्ही आता हे करा’ असं सांगायची जबाबदारी या कायद्याने कुणावर टाकलेली मला तरी सापडली नाही. हेल्पलाइनसुद्धा ग्राहक व्यवहार विभागाने चालवलेली प्रशासकीय सोय आहे. आपल्याकडे हे काम मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या (१९७५) स्वयंसेवी संस्थांनी उचललं. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या धर्मादाय संस्थेकडे ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथली माहिती स्थानिक ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे जाते. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण सल्ला हे वेगळं काम म्हणून ओळखलं गेलंय.

बाकीच्या खिडक्या पटापट सांगते. वजनात मारलं तर वैधमापनशास्त्र, भेसळ असेल तर अन्न व औषध प्रशासन, विजेच्या बिलाला वीज ग्राहक मंच आणि वर विद्युत लोकपाल, बिल्डरसाठी महारेरा. आणि सिडकोच्या नोडमध्ये राहणाऱ्यांनी लखनौ विकास प्राधिकरणाचा १९९३ चा निकाल जरूर वाचावा. घर बांधून देणारी सरकारी संस्थाही ‘सेवा’ देते, तिच्याविरुद्धही ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केलं.

जागरूकतेचा अभ्यास करूच नका असं मी म्हणत नाही. पण ‘जागो ग्राहक जागो’ ही सरकारी जाहिरात आहे, ती तुमचं गृहीतक कशी काय झाली? ग्राहक झोपलाय हे मान्य करून निघालात की व्यवस्थेला प्रश्न विचारायची जागाच उरत नाही.

माझ्या नव्या मुलाखतीत आता टिक करायचे रकाने नाहीत. पहिला फोन कुणाला केला, त्याने पुढे कुणाकडे पाठवलं, कुठे थांबलात आणि त्या दिवशी कामावर खाडा पडला का, एवढंच विचारते. उत्तरं लांबतात, कोडिंग करताना डोकं उठतं, गाइड ‘सॅम्पल किती?’ विचारून भंडावतात.

काकूंनी आयोगात अजून तक्रार केलेली नाही. मुदत दोन वर्षांची असते, त्यांच्या हातात सात महिने आहेत. रविवारी बिल, वॉरंटीचा कागद आणि हप्त्यांचे मेसेज घेऊन आम्ही दोघी बसणार आहोत.