कोष्टके आणि त्यांच्या तळटिपा : एक चिकित्सा

ग्रंथाचे परीक्षण करताना आशय, भाषा आणि आधार यांचा विचार होतो. छपाईचा झालाच तर मुद्रणदोषांपुरता होतो. कोष्टकातील तळटिपा कोठे व कशा छापल्या आहेत, हा प्रश्न मुद्रकाचा समजून सोडून दिला जातो. आमच्या मते तो मुद्रकाइतकाच लेखकाचा व परीक्षकाचाही आहे. कारण टीप आपल्या जागेवरून हलली की कोष्टकाचे विधानच बदलते.

गद्यात 'बहुधा', 'एका मताप्रमाणे' असे शब्द घालून लेखकाला आपले म्हणणे मर्यादित करता येते. कोष्टकाच्या रकान्यात तेवढी जागा नसते. तेथे आकडा येतो आणि तो आज्ञेसारखा ठाम दिसतो. त्याची मर्यादा सांगण्याचे काम तळटिपेलाच करावे लागते.

यहूदाच्या राजांचे कोष्टक घ्या. अहज्या गादीवर आला तेव्हा त्याचे वय २ राजे ८:२६ प्रमाणे २२ होते. २ इतिहास २२:२ च्या हिब्रू संहितेत मात्र ते ४२ आहे. त्याचा बाप यहोराम चाळिसाव्या वर्षी वारला, असा हिशेब २ इतिहास २१:२० वरून निघतो. तेव्हा २२ हाच आकडा ग्राह्य धरणे योग्य. परंतु टीप न देता तो छापला, तर पुढे इतिहासाचे पुस्तक उघडणारा विद्यार्थी गोंधळतो, आणि आपल्या शिक्षकांनी काही झाकून ठेवले होते काय, अशी शंका त्याच्या मनात येते. दोन ओळींची टीप त्याला या शंकेपासून वाचवू शकते.

हीच गोष्ट लौकिक इतिहासाची. इंदुरास कृष्णपुऱ्यात खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत. त्यांत तुकोजीराव (दुसरे) आणि शिवाजीराव यांच्या छत्र्यांबरोबर कृष्णाबाईंचीही छत्री आहे. छत्री पाहून आलेला वाचक होळकरांच्या वंशावळीचे कोष्टक उघडतो, तेव्हा १८४४ पासून १८८६ पर्यंत तुकोजीराव व तेथून १९०३ पर्यंत शिवाजीराव या नोंदी त्याला सापडतात. कृष्णाबाई सापडत नाहीत. कारण त्या गादीवर बसल्या नव्हत्या. मल्हारराव (तिसरे) यांच्या त्या मातोश्री. अल्पवयीन तुकोजीराव गादीवर आले तेव्हाच्या कारभारात त्यांचा हात होता. राज्यकर्त्यांच्या कोष्टकात त्यांच्यासाठी ओळ नाही; त्यांना जागा देता येईल ती तुकोजीरावांच्या नावाला जोडलेल्या टिपेतच. ती टीप गाळणे म्हणजे जिची छत्री डोळ्यांसमोर उभी आहे, तिलाच इतिहासातून वगळणे होय.

टीप गळल्याने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्याच शास्त्रात आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने जुन्या कराराच्या संहिता सहा रकान्यांत शेजारी शेजारी मांडल्या, हाच 'हेक्साप्ला'. ग्रीक सप्तती भाषांतराची संहिता सिद्ध करताना त्याने दोन चिन्हे योजिली. जे ग्रीकमध्ये आहे पण हिब्रूत नाही, त्याला ओबेलस. जे ग्रीकमध्ये नव्हते व इतर भाषांतरांतून घेतले, त्याला तारका. पुढे ही संहिता स्वतंत्रपणे उतरवली जाऊ लागली आणि अनेक लेखनिकांनी चिन्हे गाळली. मूळचे कोणते आणि भर कोणती, हे वाचकाला कळेनासे झाले. भेद दाखवण्यासाठी केलेल्या श्रमांतून संहितांची सरमिसळच वाढली. ६१६-६१७ च्या सुमारास झालेल्या सिरियाक भाषांतराने ती चिन्हे पुष्कळ अंशी जपली. म्हणूनच अभ्यासकांना ते आजही मोलाचे वाटते.

यावरून व्यवहाराचे चार नियम निघतात. पहिला, कोष्टकाची टीप कोष्टकाच्या लगेच खाली छापावी. पानाच्या तळाशी मजकुराच्या टिपांत मिसळू नये. संगणकावर तळटिपेची नेहमीची आज्ञा दिली की टीप बहुधा पानाच्या तळाशीच जाते. म्हणून ती हाताने योग्य जागी आणावी लागते. दुसरा, आकड्यांच्या कोष्टकात टिपेचे चिन्ह आकडी नसावे. '२२' वर चढवलेला बारीक '२' घाईच्या वाचनात '२२२' होतो. तेथे तारका किंवा अ, आ, इ ही अक्षरे बरी. तिसरा, चिन्हांचा क्रम वाचनाच्या क्रमाने, म्हणजे ओळीओळीने डावीकडून उजवीकडे असावा. चौथा, कोष्टक दोन पानांवर गेले तर शीर्षक-ओळ दुसऱ्या पानावर पुन्हा द्यावी, आणि ज्या पानावर चिन्ह आहे त्याच पानावर त्याची टीप असावी. चिन्ह शीर्षक-ओळीतच असेल, तर टीप दोन्ही पानांवर द्यावी.

टिपांनी पान विद्रूप होते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण प्रत्येक घराला टीप लागत असेल, तर तो विषय कोष्टकाचा नव्हे, गद्याचा आहे, असे समजून कोष्टकच मोडावे. टिपा खोडून पान देखणे करणे हा मार्ग नव्हे.

आम्हा धर्मशास्त्राच्या लोकांना पवित्र शास्त्रातील अडचणी कोष्टकात बसवून मिटवण्याचा मोह लवकर होतो. तो आवरणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. आणि पुढील ग्रंथ हाती घेताना परीक्षकाने कोष्टकाच्या खालची जागा आधी पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.