चित्रकथेचा निष्ठावंत वाचक

चित्रकथेचा वाचक एखाद्या नायकाच्या मागे जातो, हे समजण्यासारखे आहे. तो एखाद्या चित्रकाराच्या वा लेखकाच्या मागे का जातो, हा प्रश्न अधिक बिकट होय. न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’च्या उपपत्तीने पहिल्या गोष्टीचा उलगडा होतो, दुसरीचा होत नाही. तादात्म्य पावावयाचे ते पात्राशी. निर्माता तर चौकटीत कोठेच नसतो.

नायकावरील प्रेम आणि निर्मात्यावरील निष्ठा या भिन्न गोष्टी आहेत, हे ‘फँटम’वरून दिसते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्मिलेला हा नायक रे मूर, विल्सन मॅकॉय व साय बॅरी यांनी क्रमाने रेखाटला. नायक तोच; तरी एकाच चित्रकाराचा फँटम ‘खरा’ मानणारा वाचक असतो. उलटपक्षी, ‘अमर चित्र कथे’तील पौराणिक व ऐतिहासिक पुरुष रेखाटणाऱ्या प्रताप मुळीक यांनी पुढे ‘नागराज’लाही रूप दिले. तेथे नायक बदलला, हात तोच राहिला.

या हाताशी वाचकाचे नाते जडते कसे? चित्रकथेत दोन चौकटींमधील कृती वाचकाने स्वतः कल्पावयाची असते. प्रत्येक निर्माता ही रिकामी जागा आपल्या रीतीने सोडतो, आणि सततच्या वाचनाने ती भरण्याची कला वाचकास साधते. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला. त्याच्या मोजक्या चौकटींत न बोललेले कोणते, हे रोजच्या वाचकाला सांगावे लागत नसे. निष्ठा ही अशी वाचकाने स्वतः कमावलेल्या कौशल्याची ममता आहे. निर्माता ती जागा नित्य एकाच प्रकारे सोडू लागला, की तिची नुसती सवय होते. हा भेद दाखविणे हे समीक्षेचे काम.

परंतु निष्ठेला नाव लागते. मराठी, कन्नड व तेलुगू एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात ‘चंदामामा’चे उदाहरण विशेष बोलके ठरावे. १९४७ साली मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९४९ मध्ये कन्नडात व १९५२ मध्ये ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले. ते काटेकोर अर्थाने चित्रकथांचे मासिक नव्हे. तथापि त्यात भाषेगणिक मजकूर बदले, चित्रे तीच राहत. त्या चित्रांवर ‘चित्रा’, ‘शंकर’ अशा सह्या असत. त्यामुळे तीन भाषांचे वाचक एकाच चित्रकाराचे चाहते होऊ शकत. धारावाहिक कथा लिहिणारे दासरी सुब्रह्मण्यम मात्र निनावी राहिले. त्यांच्या कथांवर लुब्ध झालेल्या वाचकाला कोणाचा शोध घ्यावा, हेच ठाऊक नव्हते.

म्हणून चित्रकथांची सूची करताना केवळ नायक व प्रकाशक नोंदवून भागणार नाही. लेखक आणि चित्रकार यांची नावे शोधून नोंदविल्याखेरीज ज्याच्यामुळे वाचक वाचावयास शिकला, त्याचे ऋण अभ्यासातही अनामिकच राहील.