‘दोष’ या शब्दाच्या दोन मुदती

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यातील कलम १४ चे तिसरे उपकलम इमारतीतील दोषांविषयी आहे. ताबा दिल्याच्या दिनांकापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील वा दर्जातील दोष प्रवर्तकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने तो तीस दिवसांत, जादा आकार न घेता, दूर करावा. न केल्यास सदनिकाधारक भरपाईस पात्र ठरतो. ही पाच वर्षे म्हणजे दाव्याची मुदत होय, असा अर्थ सहज लावला जातो. कलमाची शब्दयोजना त्यास आधार देत नाही. तेथे मुदत जोडली आहे ती ‘निदर्शनास आणणे’ या क्रियेस, ‘दावा दाखल करणे’ या क्रियेस नव्हे. दाव्याचा काळ निराळा मोजावा लागतो. उदाहरणार्थ, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तो वादकारण उद्भवल्यापासून दोन वर्षांचा आहे. तोंडी तक्रारींवर विसंबून राहणारा सदनिकाधारक ही पहिली पायरीच पुराव्याअभावी गमावण्याचा संभव असतो.

याहून गंभीर प्रश्न प्रारंभबिंदूचा आहे. मुदत ताब्यापासून धावते, दोष उघडकीस आल्यापासून नव्हे. काँक्रीटमधील सळई गंजते, गंजाने फुगते, वरील आवरण तडकते आणि अखेर गिलावा सुटतो. ही क्रिया कित्येक वर्षे दृष्टीआड चालू शकते. सहाव्या वर्षी तडा दिसला, तर दोष बांधकामाइतकाच जुना असूनही या उपकलमाच्या कक्षेबाहेर जातो. जे स्वतःस दिसले नाही ते दुसऱ्याच्या निदर्शनास आणावयाचे कसे, याचा विचार मसुद्यात आढळत नाही.

हा विचार मसुदाकारांना अपरिचित होता असेही नाही. याच अधिनियमाच्या कलम १८ मध्ये जमिनीच्या मालकीहक्कातील दोषाबद्दलच्या भरपाईस कोणत्याही कायद्यातील मुदतीची आडकाठी असणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शब्द एकच, परंतु दस्तऐवजातील दोषास काळाचे बंधन नाही आणि भिंतीतील दोषास पाच वर्षांचे आहे.

प्रवर्तकावरील दायित्व अनंतकाळ राहू नये, हे म्हणणे रास्त आहे. जुनी इमारत देखभालीअभावीही खचते आणि कालांतराने पुरावा नष्ट होतो. तथापि इंग्लंडमधील १९८६ च्या सुप्त हानीविषयक कायद्याने निष्काळजीपणाच्या दाव्यांपुरता मध्यममार्ग काढला: हानीचे ज्ञान झाल्यापासून तीन वर्षे, आणि निष्काळजी कृत्यापासून पंधरा वर्षांची अंतिम मर्यादा. अशा दुहेरी मोजणीत दोन्ही पक्षांचे हित सांभाळले जाते. कलम १४ मध्ये ‘ताबा’ या शब्दाच्या जोडीस ‘ज्ञान’ हा शब्द येत नाही, तोवर त्याचे संरक्षण लवकर दिसणाऱ्या दोषांपुरतेच राहील.