पाळत आणि अर्थनिर्णय

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, देवलांच्या ‘संगीत शारदा’च्या प्रयोगासाठी आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून वध केला. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली ती मात्र खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकावर. या दोन घटना एकत्र वाचल्या, की सार्वजनिक सुरक्षितता विरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्य हा प्रश्न केवळ कायद्याचा उरत नाही. तो अर्थनिर्णयाचाही होतो.

सुरक्षिततेची चिंता निराधार नव्हती, हे मान्यच करावे लागेल. परंतु जरठ-कुमारी विवाहावरील ‘शारदे’ची संहिता कितीही बारकाईने तपासली असती, तरी त्या गोळ्या टळल्या नसत्या. ‘कीचकवधा’त सत्तेने कीचकाच्या जागी कर्झन आणि द्रौपदीच्या जागी हिंदुस्थान पाहिला. हे वाचन चुकीचे नव्हते. प्रेक्षकही तसेच वाचत होते. दोष होता तो ओळखलेला अर्थ हाच संभाव्य गुन्ह्याचा पुरावा मानण्यात. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने या संशयी वाचनाला अधिकार बहाल केला होता.

खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने शासकीय हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता यांची अट घातली. ‘कीचकवधा’च्या संदर्भात या अटींचा आशय स्पष्ट होतो : पाळत कृतीवर असू शकते, अर्थावर नव्हे. सत्तेलाही संहिता वाचता येते. तिचे वाचन अंतिम मात्र मानता येत नाही.