पत्र आणि परिचय : ‘कुसुमानिल’च्या निमित्ताने

‘प्रेमपत्र’ हा शब्द मराठी समीक्षेत पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. वस्तुतः त्याच्या पोटात दोन भिन्न प्रकृतीचे लेखन सामावलेले आहे. एकात प्रेम आधीच निश्चित झालेले असते आणि पत्र हे केवळ त्याचे निवेदन असते. दुसऱ्यात प्रेमाचा निर्णय व्हावयाचा असतो; समोरचे माणूस कोण आहे, कसे आहे, त्याच्याबरोबर आयुष्य काढता येईल काय, याचा शोध पत्रातूनच चाललेला असतो. पहिले पत्र सांगते, दुसरे विचारते. या दोन प्रकारांना एकाच मापाने मोजले म्हणजे दुसऱ्यावर अन्याय होतो. कारण उत्कटता हीच कसोटी मानली, तर शोधाचे पत्र नेहमीच फिके वाटणार.

पहिल्या प्रकाराचा आदर्श मराठी मनापुढे फार जुन्या काळापासून आहे. विदर्भाच्या राजकन्येने श्रीकृष्णाला धाडलेले पत्र भागवतातून नरेंद्राच्या आणि पुढे एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त आले. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेले नाही. त्याचे गुण तिने केवळ ऐकले आहेत. तरीही तिच्या मनात संदेहाला जागा नाही. तिचे पत्र परिचयासाठी नाही, ते सुटकेसाठी आहे. तेथे उत्तराचीही आवश्यकता नाही. उत्तर म्हणून रथच येतो. भक्तिकाव्याच्या दृष्टीने हे सर्वथा योग्य आहे, कारण देवाची पारख करावयाची नसते, त्याला वरावयाचे असते. माणसाच्या बाबतीत मात्र वरण्यापूर्वी पारख लागते. ही पारख करण्याचा अधिकार स्त्रीलाही आहे, ही जाणीव मराठी समाजात स्त्रीशिक्षणाबरोबर रुजली. आणि परिचयाच्या पत्राला खरा अवसर तेव्हाच मिळाला.

आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती जयवंत यांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने 1972 साली प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या प्रकाराचे मराठीतील ते सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणावे लागेल. दोघेही वऱ्हाडातील, अनिल मूर्तिजापूरचे, कुसुमावती अमरावतीच्या. ओळख झाली ती पुण्यातील विद्यार्थिदशेत. विवाह झाला 1929 साली. मधल्या काळात शिक्षणाच्या निमित्ताने दोघांच्या वाटा वेगवेगळ्या गावांतून गेल्या आणि अखेर कुसुमावती इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठी लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात गेल्या. ‘फुलवात’ 1932 ची आणि कुसुमावतींचे कथासंग्रह त्यानंतरचे. म्हणजे ही पत्रे लिहिणारी माणसे अद्याप ‘साहित्यिक’ झालेली नाहीत. पुढे 1958 साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांना आणि 1961 साली ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावतींना लाभले, हे वाचकाला ठाऊक आहे. पत्र लिहिणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आणि आपला विवाह होईल हेही ठाऊक नव्हते. या अज्ञानातच त्या लेखनाचे मोल आहे.

पत्राने होणाऱ्या परिचयाचा पहिला धर्म म्हणजे अंतराय. लंडनचे पत्र त्या काळी बोटीने येई. त्याला दोन-तीन आठवडे लागत. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील नियमित विमानटपाल सुरू झाली ती 1929 मध्ये, म्हणजे या दोघांची ताटातूट संपण्याच्या सुमारास. एका प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत महिना-दीड महिना उलटे. तोपर्यंत प्रश्न विचारणारे मन पुढे गेलेले असे आणि उत्तर मात्र मागच्या मनाला आलेले असे. अशा व्यवहारात रागाने लिहिलेले वाक्य परत घेता येत नाही आणि समजूतही वेळेवर पोहोचत नाही. त्यामुळे शब्द जपून वापरण्याची, दुसऱ्याच्या मौनाचा घाईने अर्थ न लावण्याची एक शिस्त लेखकाच्या अंगी आपोआप बाणते. ही शिस्त केवळ नीतीची नाही, ती शैलीचीही आहे. आज नागपुरातील तरुणी आणि नवा रायपूर येथे नोकरी करणारा तरुण एकमेकांशी क्षणात बोलू शकतात. अनिल-कुसुमावतींच्या तारुण्यात नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात रायपूरही होते. पण एवढ्या अंतरावरही विरह हा टपालाच्या थैलीने मोजावा लागे. संपर्काची साधने वाढली ही चांगलीच गोष्ट आहे; मात्र वाट पाहण्यातून जी भाषा घडत होती, ती घडण्याचे कारण त्याबरोबर नाहीसे झाले, हेही नोंदविले पाहिजे.

दुसरा धर्म अधिक गुंतागुंतीचा आहे. पत्र लिहिताना मनुष्य स्वतःला निवडतो. प्रत्यक्ष सहवासात चेहरा, आवाज, थकवा, चिडखोरपणा हे सारे न सांगता प्रकट होते. पत्रात जे लिहिले तेवढेच पोहोचते. म्हणून पत्रांतून एक कागदी व्यक्ती निर्माण होण्याचा धोका असतो. प्रेम त्या कागदी व्यक्तीवर जडते आणि संसार मात्र हाडामांसाच्या माणसाशी करावा लागतो. या धोक्यावर एकच उतारा संभवतो : दोन्ही बाजूंनी दीर्घकाळ लिहीत राहणे. एका पत्रात मनुष्य सजू शकतो, पण वर्षानुवर्षांच्या पत्रांत सजून राहणे कोणालाही साधत नाही. कंटाळा, पुनरुक्ती, क्षुल्लक तक्रार, मागच्या विधानाशी विसंगती हे सगळे हळूहळू उतरतेच. सामान्य वाचक ज्या पानांवरून भरभर पुढे जातो, ती पानेच परिचयाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक असतात. दीर्घ पत्रव्यवहाराच्या पसरटपणाकडे दोष म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने याचा विचार करावयास हवा.

याच ठिकाणी कादंबरीतील पत्र आणि खरे पत्र यांचा भेद स्पष्ट होतो. वामन मल्हार जोशी यांनी ‘इंदु काळे व सरला भोळे’ (1934) ही कादंबरी पत्ररूपाने लिहिली. अनेक व्यक्तींच्या पत्रांतून विचारांचा संघर्ष उभा करण्याचे तिचे कौशल्य निर्विवाद आहे. परंतु तेथील प्रत्येक पत्रलेखकाच्या मागे एकच लेखक उभा आहे, आणि त्याला शेवट ठाऊक आहे. कोणाला काय उमगावे आणि कधी उमगावे, हे तो ठरवितो. खऱ्या पत्रव्यवहारात असा सूत्रधार नाही. तेथे दोन लेखक आहेत आणि प्रत्येकाच्या हाती अर्धीच संहिता आहे. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा विचक्षण आढावा घेणाऱ्या कुसुमावतींच्या स्वतःच्या तारुण्याचा ग्रंथ मात्र असा सूत्रधाराविना रचला गेला, हा योग लक्षणीय आहे.

इंग्रजीत रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांच्या पत्रांचे उदाहरण सहज आठवते. 1845 च्या जानेवारीत त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, प्रत्यक्ष भेट त्यानंतर मे महिन्यात झाली आणि 1846 च्या सप्टेंबरात विवाह. वीस महिन्यांत सुमारे पावणेसहाशे पत्रे! दोघेही एकाच लंडन शहरात होते. शिवाय तेथे पत्रापूर्वी काव्य वाचलेले होते. प्रसिद्ध कवींनी एकमेकांना लिहिलेली ती पत्रे आहेत. ‘कुसुमानिल’मध्ये क्रम उलटा आहे. तेथे माणूस आधी, लेखक नंतर. त्यामुळे त्यातील परिचयाला कीर्तीचा आधार नाही, आणि कीर्तीचा अडसरही नाही.

मराठीत या पुस्तकाशेजारी ठेवावे असे दुसरे पुस्तक म्हणजे सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ (2003). त्यातील नाते स्नेहाचे आहे, विवाहेच्छेचे नाही. पण तेथेही एक व्यक्ती दुसरीला मुख्यतः लेखणीतून ओळखत जाते. तथापि त्या पुस्तकात वाचकाच्या हाती एकाच बाजूची पत्रे येतात. दुसरा आवाज त्याला कल्पनेने भरून काढावा लागतो. ‘कुसुमानिल’चे वैशिष्ट्य असे की त्यात प्रश्नही आहे आणि उत्तरही. परिचय हा परस्परांचा असतो. तो एका बाजूने वाचला की स्वगत होतो.

अशी पत्रे छापावीत काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. कुसुमावतींचे निधन 1961 साली झाले. पुस्तक निघाले अकरा वर्षांनी, अनिलांच्या हयातीत. दोघांच्या मालकीचे जे होते, ते प्रकाशात आले तेव्हा दोघांपैकी एकच व्यक्ती उरली होती. ब्राउनिंग दांपत्याची पत्रे 1899 मध्ये बाहेर आली, तेव्हा तर दोघेही नव्हते. समीक्षकाने या प्रश्नाचा निवाडा देण्याचे कारण नाही. पण त्यातून त्याच्यावर एक जबाबदारी येते. ज्या वाचकासाठी पत्र लिहिले गेले तो वाचक आपण नव्हे, याचे भान त्याने शेवटपर्यंत राखले पाहिजे.

हे भान सुटले की पत्रांचा उपयोग किल्लीसारखा होऊ लागतो. अनिलांच्या अमुक कवितेमागे कोणता प्रसंग, कुसुमावतींच्या कथेतील नायिका कोण, अशा तपासाला ऊत येतो. मुक्तछंदाचा संवादी सूर पत्रांच्या सवयीतून आला, असे विधान करण्याचा मोहही होईल. ते विधान आकर्षक आहे, पण सिद्ध होण्यासारखे नाही. कवितेचा छंद कवितेच्या गरजेतून येतो. पत्रांना कवितेची दासी करणे हा दोहोंचाही अवमान आहे.

‘कुसुमानिल’चे वाङ्मयीन मूल्य म्हणून अन्यत्र शोधावे लागते. दोन सुशिक्षित तरुण माणसे एकमेकांना गृहीत न धरता, एकमेकांपुढे उत्तरदायी होऊन, मराठी गद्यात बोलत आहेत. आणि त्यांतील स्त्रीचा आवाज पुरुषाच्या तोडीचा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात असे गद्य सभेत नव्हते, कादंबरीत विरळा होते. ते पाकिटात होते. मराठी गद्याचा इतिहास केवळ छापील पुस्तकांवरून लिहिणाऱ्याच्या नजरेतून ही पाकिटे निसटली, तर त्या इतिहासातून समानतेच्या भाषेचे एक प्रकरणच गळून जाईल.